पायांपर्यंतचा हुकूम

माणूस नुसता उभा आहे म्हणजे तो काही करीत नाही, अशी आपणा सर्वांची समजूत असते. कचेरीच्या भाषेत तर ‘उभा’ हा शब्द अधिकच उणा झालेला आहे. बिनकामाचा उमेदवार दारात उभा असतो आणि कामाचा मनुष्य बसलेला असतो. शरीराचा हिशेब याच्या नेमका उलट आहे. वर जड आणि खाली निमुळता असा हा पाच-साडेपाच फुटांचा डोलारा दोन पावलांच्या चिमुकल्या जागेवर तोलून धरणे हे काम आहे, आणि ते क्षणभरही तहकूब ठेवता येत नाही. आपला भारमध्य घोट्याच्या किंचित पुढे पडतो. म्हणून पोटरीचे स्नायू तंबूच्या दोरांप्रमाणे त्याला सतत मागे ओढून धरीत असतात. डोळे मिटून, पाय जुळवून उभे राहावे, म्हणजे आपण मुळीच स्थिर नसून पुढेमागे झुलत आहो हे ध्यानात येते. ज्याला आपण स्वस्थ उभे राहणे म्हणतो ते अखंड पडू लागणे आणि अखंड सावरणे आहे. आश्चर्य हे की, या सावरण्याच्या एकाही हुकमावर आपली सही नसते.

आम्ही वैद्य नव्हे. आमची हयात महसुलाच्या कागदांत गेली आणि तीही महाराष्ट्राबाहेर, मध्य प्रदेशाच्या नोकरीत. शरीरशास्त्राशी आमचा संबंध शाळेत पाठ केलेल्या हाडांच्या संख्येपलीकडे जाण्याचे कारण नव्हते. ते कारण १९७८ साली घडले. त्या वर्षी आमची बदली विंध्याच्या पठारावर, रीवा-सतन्याच्या बाजूस झाली. या वाचकांपैकी ज्यांनी त्या मुलखात किंवा छत्तीसगडात काही काळ काढला असेल, त्यांनी तेथील आठवड्याच्या बाजारात पुढील दृश्य पाहिलेच असेल.

बाजारात अधू माणसे दोन जातींची दिसत. एकाचा पाय वाळलेल्या फांदीसारखा बारीक, थंड, लोंबता. चालताना तो आपल्या हाताने मांडी दाबून धरी, कारण हाताचा टेकू काढला की गुडघा तेथेच दुमडे. दुसऱ्याचे पाय चांगले भरदार असत. पोटऱ्या तर आपणा बैठ्या माणसांस हेवा वाटावा अशा. पण त्याच्या टाचा भुईला लागत नसत. तो चवड्यांवर चाले आणि प्रत्येक पावलाला त्याचे गुडघे कात्रीच्या पात्यांसारखे एकमेकांस ओलांडू पाहत. पुढे झुकलेल्या धडाचा सारा भार काठीवर असे. या दुसऱ्या जातीचे पांगळेपण काठ्यांवरून मोजतात, आणि ही प्रतवारी वैद्यकाच्या पुस्तकांतही जशीच्या तशी आहे: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी बुडावर बसून हातांनी सरकणारा. पहिल्याचा पाय लुळा होता आणि दुसऱ्याचा ताठ. एकच शब्द, ‘लंगडा’, दोघांनाही लावला जाई. पण दोघांचे नशीब फार वेगळ्या ठिकाणी मोडलेले होते.

ते कोठे मोडले हे आम्हांस समजावून दिले सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी. हे गृहस्थ बंगाली, आमच्याच वयाचे, आणि आमच्यासारखेच आपल्या मुलखापासून दूर फेकले गेलेले. संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडला जाई आणि डाव रंगला नाही की शरीरशास्त्र निघे. ते म्हणत, “साहेब, पोलिओ हा तलाठ्याला मारतो. तिवरा तलाठ्याला हात लावीत नाही. तो सदरेवरून येणारी तार तोडतो.” महसूल खात्याच्या माणसाला वैद्यक शिकविण्याची याहून सोपी रीत आम्हांस ठाऊक नाही.

तलाठी म्हणजे मज्जारज्जूच्या पुढच्या भागातील त्या पेशी, ज्यांचे धागे थेट स्नायूपर्यंत जातात. हुकूम मेंदूचा असो, तोल राखणाऱ्या कानाचा असो, की पायात काटा मोडला म्हणून खालच्याखाली उठलेला असो, स्नायूपर्यंत जावयाचे तर या पेशींच्या हातूनच. इंग्रज शास्त्रज्ञ शेरिंग्टन याने १९०६ च्या आपल्या ग्रंथात या शेवटच्या टप्प्याला सर्वांची मिळून एकच अशी अखेरची वाट म्हटले. पोलिओचा विषाणू याच पेशी मारतो. मग वर सारे शाबूत असूनही स्नायूकडे कोणाचेच काही पोहोचत नाही. तो लुळा पडतो आणि वाळतो. ही जात आता नव्याने निर्माण होत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. आपल्या देशात रानटी पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देशाला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला.

ताठ पायाच्या माणसाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. त्याच्या त्या पेशी जिवंत आहेत, स्नायू धडधाकट आहेत, कातडीला स्पर्श कळतो, बुद्धी तल्लख आहे. त्याचे तुटले आहे ते वरून खाली येणारे पत्र.

मेंदूच्या माथ्यावर, दोन्ही कानांच्या मधून टोपीची पट्टी जाईल अशा जागी, हालचालीचे मुख्य ठाणे आहे. त्यात पायांची कचेरी अगदी माथ्यावर, दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत. हाताची बाजूला आणि तोंडाची त्याहून खाली. तेथून आणि आसपासच्या भागांतून प्रत्येक बाजूस सुमारे दहा लक्ष धागे निघतात. कीव्हचा शारीरज्ञ बेट्झ याने १८७४ साली वर्णिलेल्या प्रचंड पेशी या वाटेच्या मानकरी समजल्या जातात. पण त्यांचे धागे या दहा लक्षांत शेकडा तीनच्या आसपासच आहेत. बाकीचे सारे काम बारीक, निनावी धाग्यांचे. कोणत्याही खात्यात ही गोष्ट अशीच असते. हे सारे धागे मेंदूच्या बुडातून एका अरुंद गल्लीत दाटीने शिरतात, आणि म्हणूनच तेथे रक्ताची एखादी बारीक वाहिनी फुटली की अर्धे अंग जाते. पुढे डोके जेथे मानेला मिळते, त्याच्या किंचित वर हे धागे दोन फुगवटे बनवितात. त्यांचा आकार पिरॅमिडसारखा, म्हणून या वाटेला पिरॅमिडची वाट म्हणतात. तेथेच बहुतेक धागे बाजू बदलतात. उजव्या मेंदूचा हुकूम डाव्या पायाला जातो तो या चौकातून. १७१० साली पूरफूर द्यू पती या फ्रेंच लष्करी वैद्याने, डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवरून, घाव एका बाजूस आणि अधूपण दुसऱ्या बाजूस का, याचा उलगडा याच अदलाबदलीत शोधला. बाजू बदलून हे धागे मज्जारज्जूच्या कडेच्या पट्ट्यातून उतरतात. हातांचे धागे मानेच्या टापूत संपतात. पायांचे धागे सर्वांत लांब. ते कमरेच्या टापूपर्यंत जातात.

येथवरची हकीकत सरळ आहे: वरून हुकूम, खाली तामिली. पण ती एवढीच असती, तर तार तुटल्यावर पाय लुळा पडावयास हवा होता. तो ताठ का झाला?

याचे उत्तर शेरिंग्टनच्याच एका प्रयोगात आहे. १८९८ साली त्याने मांजराच्या मेंदूचा वरचा भाग मधोमध छेद देऊन खालच्या भागापासून तोडला. मांजर मेले नाही, गळूनही पडले नाही. त्याचे चारही पाय ताठ सरळ झाले, मान मागे गेली, शेपूट वर आली. त्याला पायांवर ठेविले तर ते टेबलासारखे उभे राही आणि ढकलले तर टेबलासारखेच पडे. उभे राहण्याची शक्ती सारी होती, किंबहुना अति होती. उभे राहण्याची कला मात्र गेली होती.

म्हणजे पिरॅमिडच्या वाटेखेरीज आणखी जुन्या वाटा खाली उतरत आहेत. कानाच्या आत तोलाचे जे इंद्रिय आहे, त्याच्या ठाण्यातून एक वाट येते. ती अंगाला पडण्यापासून धरून ठेवणारे स्नायू आवळते. मेंदूच्या देठात पेशींचे एक जाळे आहे. त्याच्या वरच्या भागातून येणारी वाटही तेच करते, आणि खालच्या भागातून येणारी वाट नेमके उलट करते: ती स्नायूंस सैल सोडावयास सांगते. आवाज आला की मान वळविणारी एक वाट आहे, आणि हाताच्या ओबडधोबड हालचालींची एक, जी मांजरात मोठी आणि माणसात नाममात्र उरली आहे. यांपैकी आवळणाऱ्या वाटा स्वतःच्या बळावर चालतात. सैल सोडणारी वाट मात्र वरून, मेंदूच्या माथ्याकडून, सतत उत्तेजन मिळेल तरच काम करते. १९४६ साली मॅगून आणि ऱ्हाइन्स यांनी ही गोष्ट दाखवून दिली. वरचा संबंध तोडला की आवरणारा गप्प बसतो, आवळणारा मोकळा सुटतो, आणि पाय ताठतो.

आम्ही शासनाची नोकरी केली असल्याने या गोष्टीने आमच्या मनात घर केले. वरिष्ठाचे काम हुकूम देण्याचे, असे नव्या अधिकाऱ्यास वाटत असते. शरीरात पाहावे तो वरिष्ठाचे निम्मे काम खालच्यांस आवरून धरण्याचे आहे. हुकूम गेला तर काम थांबते हे खरे. पण आवर गेला तर काम थांबत नाही, ते आंधळेपणाने दुप्पट होते.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण पुष्कळ सोप्या पुस्तकांत ही गोष्ट चुकीची सांगितलेली असते. पिरॅमिडचा धागा तुटणे हेच ताठरपणाचे कारण, असे नव्हे. माकडाचे केवळ पिरॅमिड तोडले तर अंग ताठत नाही, उलट किंचित सैल पडते. पण मज्जारज्जूच्या कडेच्या पट्ट्यात पिरॅमिडच्या धाग्यांशेजारीच आवर घालणारे धागेही उतरत असतात. तेथे घाव बसला की हुकूम आणि आवर दोन्ही एकदम जातात. बाजारातल्या त्या माणसाचे पाय म्हणूनच दुबळेही असतात आणि ताठही.

हुकमाचा धागा नेमके कोणते काम करतो, हे लॉरेन्स आणि कायपर्स या दोघांनी १९६८ साली माकडांवर दाखविले, आणि आमच्या मते या साऱ्या विषयात इतके बोलके दुसरे काही नाही. दोन्ही पिरॅमिड तोडलेली माकडे काही काळाने चालत, पळत, पिंजऱ्याच्या गजांवर चढत. पाहणाऱ्यास वाटावे की काही झालेच नाही. पण लहान खळगीतला खाऊ एका बोटाने उचलणे त्यांना पुन्हा कधीही जमले नाही. सारी बोटे एकत्रच मिटत. आणि गंमत अशी की, चढताना गज सहज सोडणारा तोच हात घेतलेला खाऊ मात्र लवकर सोडू शकत नसे. दुसऱ्या माकडांत पिरॅमिडच्या जोडीला तोलाच्या जुन्या वाटाही तोडल्या. त्यांना बसता येईना. ती पुढे कोलमडत आणि पडली की उठत नसत. पण खुर्चीत बांधून बसविले की त्यांचा हात पुढे येऊन खाऊ उचली. उभे राहणे आणि उचलणे ही दोन निराळी खाती आहेत. माणसाच्या पायांनी मात्र माकडाच्या पायांपेक्षा वरच्या हुकमावर अधिक भिस्त ठेविली आहे. म्हणून माणसात ही वाट कंबरेखाली तुटली की चालणेच मोडते.

एके दिवशी डॉक्टरांनी आम्हांस दवाखान्यात बोलावून घेतले. टेबलावर एक कोल मजूर पडला होता. वय तिशीच्या आत. निजलेला असताना त्याच्या पायांत काही वावगे आहे असे वाटत नव्हते. ताठरपणा उभे राहिल्यावर खरा प्रकट होतो. डॉक्टरांनी किल्लीच्या बोथट टोकाने त्याच्या तळपायाची बाहेरची कड टाचेकडून बोटांकडे ओढली. आपल्या पायाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. त्याचा सावकाश वर उठला. बाबिन्स्की नावाच्या वैद्याने पॅरिसमध्ये १८९६ साली या खुणेची नोंद प्रथम केली. ते टिपण जेमतेम अठ्ठावीस ओळींचे होते. एवढ्या थोड्या मजकुरात एवढे मोठे काम झाल्याचे उदाहरण सरकारी पत्रव्यवहारात तरी आमच्या पाहण्यात नाही.

त्याच संध्याकाळी डॉक्टर आमच्याकडे चहाला आले. आमचा धाकटा मुलगा त्या वेळी आठ महिन्यांचा होता. आमच्या मंडळींच्या मांडीवर तो निजलेला असता डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावरून तीच किल्ली ओढली आणि त्याचाही अंगठा तसाच वर उठला. आमच्या मंडळींनी सकाळची हकीकत ऐकलेली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरांनी घाईने हसून सांगितले, “वहिनी, घाबरू नका. याची वाट अजून बांधून व्हायची आहे.” तान्ह्या मुलात पिरॅमिडचे धागे असतात, पण त्यांच्यावरचे स्निग्ध आवरण पुरे झालेले नसते, आणि त्यावाचून हुकूम जोराने धावत नाही. मूल पावले टाकू लागण्याच्या सुमारास, वर्षा-दोन वर्षांत, अंगठा खाली वळू लागतो. पूर्ण बांधलेल्या वाटेवर सर्वांत वेगवान धाग्यांतून संदेश सेकंदाला साठ-सत्तर मीटर जातो. डॉक्टर गेल्यावर मंडळी बराच वेळ त्या पावलाकडे पाहत होत्या. तेव्हापासून मूल चालेपर्यंत ती किल्ली आमच्या घरात निघाली नाही.

दवाखान्यात पाहिलेला तो मनुष्य पंधरा दिवसांनी आमच्या कचेरीत आला, तो दोन काठ्यांवर. आमच्या चपराशाने त्याला दारातच खडसावले की, साहेबांपुढे हात जोडण्याचीही रीत तुला नाही काय. दोन काठ्यांचा माणूस उभ्याने हात जोडू शकत नाही, ही गोष्ट आम्ही त्या क्षणी प्रथम पाहिली. त्याने भिंतीला पाठ लावली, सावकाश खाली बसला, काठ्या बाजूस ठेविल्या, आणि मग हात जोडले.

हात जोडणे ही पायांचीही क्रिया आहे. १९६७ साली मॉस्कोच्या बेलेन्की, गुर्फिंकेल आणि पाल्त्सेव या शास्त्रज्ञांनी उभ्या माणसास एकदम हात वर करावयास सांगून त्याच्या स्नायूंतील विजेच्या लहरी टिपल्या. खांद्याचा स्नायू जागा होण्याआधी सुमारे सेकंदाचा विसावा भाग पायांचे आणि पाठीचे स्नायू कामाला लागलेले आढळले. हात पुढे गेला की तोल पुढे जाणार, हे हाताच्या आधी पायांना कळविलेले असते. साहेब खुर्चीतून उठण्यापूर्वीच चपराशी दाराचा पडदा बाजूस करून उभा असतो, तसेच हे. वरून निघालेल्या हुकमाची एक प्रत देठातील जाळ्याकडे जाते, आणि जाळे आधी पाया भक्कम करून मग हाताला मोकळीक देते. आमच्या दारातल्या माणसाच्या पायांना ती आगाऊ सूचना अमलात आणता येत नव्हती. म्हणून त्याला नमस्कार करण्यासाठी प्रथम जमिनीचा आधार घ्यावा लागला. आमच्या चपराशाला आम्ही गुर्फिंकेल सांगत बसलो नाही. एवढेच सांगितले की, यापुढे काठीवाला आला तर आधी त्याला बाक द्यावा.

आता तिवऱ्याविषयी. बघेलखंडात तिवरा, बिहारकडे खेसारी, आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडे लाखोळी, दाणा तोच. आमच्या मंडळी भंडाऱ्याच्या. त्यांच्या माहेरी धानाच्या बांधीत, धान उभे असतानाच लाखोळी फेकतात, आणि कोवळ्या पाल्याची भाजी घरोघर आवडीने होते. तेथे कोणी त्या भाजीने पांगळे झाल्याचे त्यांनी पाहिले नव्हते, आणि ते स्वाभाविक आहे. हे विष चवीपुरते किंवा हंगामापुरते खाणाऱ्यास बाधत नाही. दोन-तीन महिने लागोपाठ रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक हाच दाणा असेल तेव्हा ते बाधते. दुष्काळात हे घडते, कारण सारी पिके जळाली तरी हे पीक तगते. ठगांचा कर्दनकाळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने १८४४ च्या आपल्या प्रवासवर्णनात सागर प्रांतातील खेड्यांची हकीकत दिली आहे: १८२९ पासून ओळीने तीन वर्षे गारा, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू गेला, गव्हाच्या शेतांत आपोआप उगवलेला तिवरा मात्र माजला, लोक त्यावर जगले, आणि १८३३ पासून गावची तरुण माणसे कंबरेखाली एकाएकी अधू होऊ लागली. त्याने केलेले निदान आजही बदलावे लागत नाही. दाण्यातील नेमका घातक पदार्थ १९६४ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा यांनी वेगळा काढला. मज्जापेशी एकमेकींस चेतविण्यासाठी जे रसायन वापरतात, त्याचे सोंग घेऊन तो पेशींना मरेपर्यंत चेतवितो. पायांकडे जाणारे सर्वांत लांब धागे आधी जातात. हात बहुधा वाचतात. आणि गेलेले परत येत नाही.

सागरच्या खेड्यांत दुष्काळाने जे केले, ते आमच्या वेळी रीव्याकडे मजुरीच्या पद्धतीने होत होते. हरवाह, म्हणजे कर्जापोटी मालकाच्या नांगराला पिढीजात बांधलेला मजूर, याला मजुरी रोख मिळत नसे. ती धान्यात मिळे आणि ते धान्य बहुतकरून तिवरा, किंवा तिवरा मिसळलेला गहू-हरभरा. दाणे पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिले तर विष पुष्कळ उतरते. पण दिवसभर नांगरामागे चालून आलेल्या माणसाच्या घरी एवढे सरपण आणि एवढी सवड असावी, हे गृहीत धरणे निदान आम्हांस जमले नाही.

शासनाला हे ठाऊक नव्हते असे नव्हे. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत खेसारीच्या विक्रीस मनाई करणारा नियम आला. आम्ही तो मुळातून वाचला. राज्य सरकार राजपत्रात जी तारीख नेमील, त्या तारखेपासून तो लागू व्हावयाचा होता. जेथे हे पीक सर्वांत अधिक, तेथेच तारीख नेमण्याची घाई सर्वांत कमी होती. शिवाय मनाई विक्रीस होती. पेरण्यास नव्हती, आणि मजुरी म्हणून मापून देण्यास तर कोणाच्या कल्पनेतही नव्हती. दिल्लीच्या माथ्यावरून निघालेला हुकूम कंबरेच्या टापूपर्यंत पोहोचला नाही, असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा आम्ही पटावरची सोंगटी हलविली आणि काही बोललो नाही.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा मात्र १९७६ चा होता आणि त्याची अंमलबजावणी आमच्याकडे होती. दोन काठ्यांचा तो मनुष्य त्याच कामासाठी आला होता. त्याचे नाव मुक्त मजुरांच्या यादीत घालण्यास त्याच्या मालकाने काडीची हरकत घेतली नाही. नांगरामागे चालू न शकणारा हरवाह मालकाला कशास हवा? इतरांच्या बाबतीत साक्षी, जबाब, अपिले यांत महिने गेले. याला मुक्तीचा दाखला एका दिवसात मिळाला. दाखल्यावर लिहिलेले होते की, आता त्यास वाटेल तेथे जाण्याची मोकळीक आहे. त्याने तो आमच्याकडून वाचवून घेतला आणि घडी करून पागोट्यात ठेविला.

मुक्त मजुराच्या पुनर्वसनास त्या वेळी चार हजार रुपये मिळत. त्यातून बैलजोडी द्यावी असा साचा ठरलेला होता. याला बैलजोडी देणे ही थट्टा झाली असती. आम्ही त्यास विचारले. तो म्हणाला, “हुजूर, पाय गेले, हात आहेत.” हे खरे होते. बसल्या जागी अंबाडीचा दोर तो इतका सफाईने वळी की, डॉक्टर एकदा त्याच्या बोटांकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “या बोटांचा धागा अजून अखंड आहे.” आम्ही बैलांऐवजी शिवणयंत्राची शिफारस केली, आणि हाताने फिरविण्याचे यंत्र असावे असे स्पष्ट लिहून त्याखाली रेघ ओढली. पाच महिन्यांनी वरच्या कार्यालयाकडून यंत्र आले. ते पायाने चालविण्याचे होते. सोबतच्या पत्रात म्हटले होते की, या यंत्राने काम जलद होते.

परत पाठविले असते तर आणखी एक वर्ष गेले असते. गावात सायकली दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याने खालची चौकट काढून टाकली, जुन्या सायकलीच्या पायट्याचा दांडा कापून वरच्या चाकाला मूठ बसविली, आणि सारे यंत्र एका पाटावर ठोकून दिले. चार-पाच दिवसांत उजव्या हाताने चाक फिरविणे आणि डाव्या हाताने कापड सारणे त्या माणसाला जमू लागले. सुरुवातीस शिवण वाकडी जाई. मग पिशव्या, मग उशांचे अभ्रे, मग लहान मुलांची झबली. आमच्या धाकट्याचे एक झबले त्याच्याच हातचे होते, आणि तोवर धाकटा ते घालून अंगणात धावू लागला होता.

१९८१ साली आमची बदली झाली तेव्हा बाजाराच्या कोपऱ्यावर, पिंपळाच्या पारालगत त्याचे दुकान चांगले बसले होते. पहिल्या दिवसापासून त्याची एक अट होती. गावचे इतर शिंपी सुगीत शिलाईबद्दल धान्य घेत. तो धान्य घेत नसे. गिऱ्हाईक मोठ्या घरचे असो की कोल वस्तीतले, पैसे रोख आणि पाटावर. आणि पैसे नसतील तर उधार, पण धान्य नाही.